‘सुरक्षित’ लिहिण्याआधी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंचच्या धरणांतून सोडलेलं पाणी कन्हान नदीत आलं आणि मौदा तालुक्यातही पुराने लोकांची झोप उडवली. अशा रात्री नदीची पातळी मिनिटामिनिटाला कोण पाहणार? हे काम डेटा लॉगर नावाचं छोटं यंत्र करू शकतं. ते सेन्सरकडून आकडा घेतं, साठवतं आणि आपण लिहून दिलेल्या अटीप्रमाणे संदेश पाठवतं. आपल्या घरातली जी मुलं-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा करत आहेत, त्यांनी ही अट लिहायला नीट शिकावं.

समजा, अट अशी आहे : पातळी १० मीटरपेक्षा जास्त असेल तर ‘धोका’, नाहीतर ‘सुरक्षित’. वाचायला अगदी बरोबर. पण ऐन पुरात सेन्सरची तार तुटली तर? मग लॉगरकडे आकड्याच्या जागी ‘नॅन’ येतं. म्हणजे ‘हा आकडाच नाही’. नॅन दहापेक्षा मोठं आहे का? यंत्राचं उत्तर ‘नाही’. लगेच संदेश जातो, ‘सुरक्षित’!

उपाय सोपा आहे. आधी विचारा, ‘पातळी शून्याइतकी किंवा त्याहून जास्त आणि २० मीटरइतकी किंवा त्याहून कमी आहे, हे खरं आहे का?’ खरं नसेल तर ‘सेन्सर तपासा’ असा संदेश जाऊ द्या. खरं असेल तरच धोक्याची अट लावा. मात्र हाच प्रश्न उलटा विचारू नका. ‘शून्याहून कमी किंवा २० हून जास्त आहे का?’ असं विचारलं, तर नॅन दोन्हींना ‘नाही’ म्हणून निसटतं.

दुसरा फास मजकुराचा. आकडा मजकूर म्हणून ठेवला, तर यंत्र शब्दकोशासारखं पहिल्या अक्षरापासून तुलना करतं. मग ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हा अंक १ च्या पुढचा. ‘२’ आणि ‘५’ यांची बेरीजही सात होत नाही, ‘२५’ होते. म्हणून तुलना आधी आकड्यांत करा. संदेशाचा मजकूर शेवटी जोडा.

पावसाळी रात्री अब्बांचा फोन लागला नाही, तर अम्मी ‘पोहोचले असतील’ म्हणून झोपत नाही. दुसऱ्या कुणाला तरी फोन लावून विचारते. यंत्राला एवढंच शिकवायचं आहे : खबर न येणं म्हणजे खुशाली नव्हे.