यादी आम्ही करणार नाही



आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर कॅटेकिझम शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना बोलावून एक काम सांगण्यात आले. दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलामुलींपैकी कोणाकोणाकडे फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाची पुस्तके आहेत, कोणी कोणाला वाचायला दिली, हे मुलांनाच विचारायचे आणि नावे लिहून द्यायची. कारण विचारले तेव्हा मोबाइलवर फिरत आलेला एक संदेश पुढे करण्यात आला. त्यात लिहिले होते की या पुस्तकांत मुले सैतान पाळतात आणि शेवटी देवाला ठार मारतात. पुस्तक वाचलेले बैठकीत कोणीच नव्हते. त्या दिवशी आम्हीही नव्हतो, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून आधी वाचले. पहिली तीन पुस्तके १९९५, १९९७ आणि २००० साली आली. लायरा नावाच्या बारा वर्षांच्या धीट, थापाड्या मुलीची ती गोष्ट. जगभरच्या मुलांनी तिला डोक्यावर घेतले. त्यानंतर सतरा वर्षांनी लेखकाने त्याच जगातली नवी मालिका सुरू केली. २०१७ मध्ये लायरा तान्ही असतानाची कथा आली, २०१९ मध्ये ती वीस वर्षांची झाल्यावरची, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नव्या मालिकेचा तिसरा भाग. आज बोलायचे आहे ते मुख्यतः २०१९ च्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'बद्दल, कारण वाद तिथे आहे. संदेश लिहिणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताच नाही.

तर सैतान. लायराच्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. लेखक त्याला ग्रीकमधून आलेला एक शब्द वापरतो. इंग्रजीत तो सैतानासाठीच्या शब्दासारखा ऐकू येतो, एवढ्यावरून ही सगळी ओरड. आपण मराठीत म्हणतोच ना, तिचा जीव त्या पोरात अडकलाय, याचा जीव टांगणीला लागलाय? तसा तो बाहेर दिसणारा जीव. लायराच्या जिवाचे नाव पँटालायमन, लाडाने पॅन. मुंगसाच्या अंगलटीचा पाइन मार्टेन. आता देवाला मारणे. तिसऱ्या पुस्तकात जो जख्ख म्हातारा मुलांना काचेच्या पालखीत सापडतो, तो लेखकाच्या म्हणण्यानुसार जगाचा निर्माता नाहीच. तो पहिला देवदूत, ज्याने इतरांना आपणच निर्माता असल्याचे खोटे सांगितले. मुलांना त्याची दया येते, ती त्याला बाहेर काढायला मदत करतात आणि तो वाऱ्यात विरून जातो. हे आम्हाला पटले असे नाही. आदाम आणि एवा यांच्या पतनाची आपली कथा लेखकाने उलटी टांगली आहे आणि ते तो लपवतही नाही. मालिकेचे नावच त्याने मिल्टनकडून घेतले आहे. (बी.ए.ला आम्हाला मिल्टन होता, परीक्षेपुरता. मिल्टनच्या पन्नास वर्षे आधी, १६१६ मध्ये, त्याच्याच देशाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले क्रिस्तपुराण गोव्यात छापून झाले होते आणि पतनाची हीच कथा त्यात होती, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही.) पटणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल खोटी साक्ष दिली तर ती आठव्या आज्ञेत बसत नाही, असे कोणी समजू नये.

आता त्या यादीकडे येऊ. २०१७ च्या पुस्तकात संत अलेक्झांडरच्या नावाची एक संघटना आहे. एक बाई शाळेत येते, गोड बोलते आणि मुलांना बिल्ले वाटते. मग मुले आपल्या शिक्षकांची, आईबापांची, शेजाऱ्यांची नावे धर्मसत्तेला कळवू लागतात. शिक्षक वर्गात बोलताना घाबरतात, मुख्याध्यापक जातात. वाचताना आमच्या अंगावर काटा आला, कारण पुस्तकाच्या पानात खूण म्हणून आम्ही ठेवला होता तो यादीचाच कोरा कागद. ज्या लेखकाने ख्रिस्तसभेवर आरोप केला की ती मुलांकडून चहाड्या करवून घेते, त्याला उत्तर म्हणून आपण मुलांकडून चहाड्या करवून घेणार? पुलमनला साक्षीदार हवा असेल तर त्याने ऑक्सफर्डमध्ये शोधायची गरज नाही, आमच्या सभागृहात यावे. ज्यांना निषिद्ध ग्रंथांच्या सूचीची आठवण येते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की रोमने ती सूची १९६६ मध्येच बाजूला ठेवली. रोमने सोडलेले काम आपल्या धर्मग्रामाने का उचलावे?

याचा अर्थ पुलमनला आमचे काही म्हणणे नाही असा नाही. पुष्कळ आहे. त्याच्या जगातल्या चर्चमध्ये कचेऱ्या आहेत, न्यायसभा आहेत, हेर आहेत, मुलांचा जीव कापून वेगळा करणारे दवाखाने आहेत. नाही तो फक्त ख्रिस्त. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी २००४ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले होते. त्यांनी बहिष्कार पुकारला नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लेखकासमोर बसून ते बोलले. पुलमनचे आजोबा स्वतः धर्मगुरू होते, म्हणजे मिस्टरांना घरातला भाग ठाऊक आहे. आणि तो त्याच्या हातून निसटून लिहिला जातोच. तान्ह्या लायराला सांभाळतात त्या गॉडस्टोच्या मठातल्या सिस्टर्स. त्यांच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या सिस्टर फेनेला खानावळवाल्याच्या पोराला, माल्कमला, भाज्या चिरायला बसवतात आणि गोष्टी सांगतात. (पुढे दुसऱ्या, कठोर सिस्टर्सही भेटतात, ते सोडा.) अख्ख्या मालिकेत जिथे श्रद्धेचा वास येतो ती जागा म्हणजे ते स्वयंपाकघर. लेखकाने त्याला पूर वाहून नेऊ दिला आणि पुढे कचेऱ्यांकडे वळला. हा आमचा पहिला राग.

दुसरा राग अधिक साधा आहे. वीस वर्षांच्या लायरावर माल्कमचे प्रेम बसलेले दाखवले आहे. तोच माल्कम, ज्याने तिला तान्ही असताना पुरातून वाचवले आणि पुढे काही काळ शिकवले. लेखक यात काही वावगे पाहत नाही. आम्ही शिकवणारी माणसे आहोत, आम्हाला ते सहन झाले नाही. आणि पुस्तकाच्या शेवटाकडे आगगाडीत सैनिक लायरावर हल्ला करतात तो प्रसंग. ज्या मुलीवर लहान मुलांनी जीव लावला तिच्या बाबतीत हे लिहायचे, तर त्यानंतर तिच्या मनाला जितकी जागा द्यायला हवी तितकी दिलेली नाही. पालकहो, चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात हे पुस्तक देऊ नका असे आम्ही स्वतः सांगू, ते या पानांसाठी. तुमच्या संदेशात त्या पानांचा उल्लेखही नव्हता. सैतान दिसला, आगगाडीतली मुलगी दिसली नाही.

आणि तरी हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले. वीस वर्षांची लायरा कॉलेजात दोन हुशार पुस्तके वाचते. एक तत्त्वज्ञाचे, ज्याला काहीच खरे वाटत नाही. दुसरी जाडजूड कादंबरी, जिचा नायक देवाला मारायला निघतो आणि मारतो. या वाचनाने लायरा कोरडी पडते. पॅन तिला सांगून पाहतो, भांडतो आणि एका रात्री तिची हरवलेली कल्पनाशक्ती शोधायला निघून जातो. ती जिवाशिवाय देशोदेशी फिरते, लोक तिला बघून दचकतात. देवाला मारणाऱ्या गोष्टीने माणूस वाळतो, हे लिहिले आहे कोणी? पुलमननेच. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना हे कळले असते तर त्यांनी पुस्तक वाटले असते.

आम्हाला ते वाचताना आमच्याच वर्गातून गेलेली एक मुलगी आठवली. आता ती एकवीस वर्षांची आहे. दृढीकरणाला तिने सगळी उत्तरे पाठ म्हटली होती, महागुरुस्वामींनी तिचे कौतुक केले होते. आता ती मिस्साला येत नाही. भांडण नाही, राग नाही. रस्त्यात भेटली तर हसते, "आँटी, तिथे काहीच वाटत नाही हो" म्हणते. तिने पुलमन वाचला नव्हता. तिला कोणत्याही कादंबरीने नेले नाही. आम्ही तिला प्रश्नाच्या आधी उत्तर दिले, योबाची गोष्ट त्याच्या तक्रारी गाळून सांगितली, थॉमाचा संशय दोन वाक्यांत उरकला. तिचा जीव वर्गातून कधी उठून गेला ते हजेरीपटात कळत नाही.

बैठकीत आम्ही एवढेच सांगितले की नावे देणार नाही, आणि ज्याला पुस्तकावर बोलायचे आहे त्याने वाचून यावे. दोघे रागावून गेले. एका वडिलांनी पहिला भाग मागून नेला. वाचनालयाच्या कपाटात आता ती पुस्तके आहेत, २०१९ चा भाग वरच्या फळीवर, अठराच्या पुढच्यांसाठी. गेल्या रविवारी ती मुलगी आईला न्यायला आली होती. बाहेरच स्कूटरवर बसून राहिली. आम्ही पुस्तक नेऊन तिच्या हातात दिले. तिने मागचे कव्हर वाचले आणि विचारले, "तुम्ही वाचलंत हे?"

"दोनदा," आम्ही म्हणालो.

तिने ते डिकीत टाकले.