हुमणीचा बंदोबस्त झाडावरच व्हावा

उभा ऊस पिवळा पडू लागतो, ओढताच ठोंब सहज हाती येते आणि मुळांशी अर्धचंद्रासारखी वाकलेली पांढरी अळी दिसते, तेव्हा शेतकऱ्यास हुमणीची आठवण होते. परंतु तोवर भाद्रपद लागलेला असतो आणि उपायाची खरी वेळ टळून गेलेली असते. हुमणी ही जमिनीतील कीड खरी; तथापि तिच्याशी सामना द्यावयाचा तो बांधावरील झाडावर, आणि तोही पहिल्या पावसानंतरच्या मोजक्या रात्रींत.

मांडवी नदीकाठचे ओतूर माळशेज घाटाच्या वाटेवर आहे. पश्चिमेस डोंगर व रान, खाली ऊस-कांद्याची बागायत, आणि बांधांवर कडुनिंब, बाभूळ व बोर. असा मुलूख हुमणीच्या भुंगेऱ्यास चांगलाच मानवतो. खावयास झाडाचा पाला आणि अंडी घालावयास भुसभुशीत जमीन, दोन्ही त्यास जवळजवळच मिळतात.

हा भुंगेरा तांबूस-तपकिरी रंगाचा, कठीण पंखांचा व सुमारे पाऊण इंच लांब असतो. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला की तो दिवेलागणीनंतर जमिनीतून बाहेर पडतो. झाडावर जमून नर-मादीचे मीलन होते, रात्रभर पाला खाल्ला जातो आणि उजाडण्यापूर्वी तो पुन्हा मातीत शिरतो. मादी जमिनीत एकेक करून सुमारे 50 अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अळ्या निघतात. लहान अळी कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर व कोवळ्या मुळ्यांवर जगते. दोनदा कात टाकून ती मोठी झाली म्हणजे ऊस, भुईमूग इत्यादी पिकांची मुळे कुरतडते. पुढे ती खोल जाऊन कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा पुढील पावसाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. असे हे चक्र वर्षाला एकदा फिरते.

या चक्रात शत्रू उघड्यावर व एका जागी सापडतो तो केवळ झाडावर. तेथे 100 माद्या मारल्या तर सुमारे 5,000 अंडी जमिनीत पडावयाची टळतात. तितक्याच अळ्या पुढे उसाच्या मुळांतून वेचावयाच्या म्हटल्यास किती मजुरी लागेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कित्येकजण दोष झाडास देतात व कडुनिंबावर कुऱ्हाड चालवितात. ही मोठी चूक होय. झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही, तो शेजारच्या झाडावर जातो. उलट, झाड हा आयताच मिळालेला सापळा आहे. रात्री आठच्या सुमारास लांब काठीने फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारावेत.

मात्र हे काम एकट्याने करून भागत नाही. भुंगेऱ्यास बांध अडवीत नाही. एकाने झाड झोडपले व शेजारी निजून राहिला, तर दोघांचेही पीक धोक्यात राहते. म्हणून एकाच रात्री सर्व वाड्यावस्त्यांनी बाहेर पडावे, आणि हा क्रम पाऊस सुरू झाल्यापासून निदान आठ-दहा रात्री चालवावा.

याच्या जोडीस उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, म्हणजे उघड्या पडलेल्या किडी पक्षी वेचून खातात. कच्चे शेणखत शेतात घालू नये. त्यात अळ्या पोसतात. चांगल्या कुजलेल्या खतातून मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी ओलसर जमिनीत द्यावी. पूर्वी अनेकांची भिस्त फोरेटवर असे. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मृगापूर्वीच गावातील कडुनिंब, बाभळी व बोरींची यादी करून कोणती झाडे कोणत्या वस्तीकडे, हे चावडीवर ठरवून घ्यावे. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी बैठक बोलावण्यास सवड नसते. त्या संध्याकाळी काठी व बादली हाती असावी.