गल्ल्यावरचा चौकोन

दुकानाच्या गल्ल्यावर दिसणारा क्यूआर कोड पैशांच्या देवघेवीसाठी जन्मलाच नव्हता. जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत एकेका खोक्यावरील अनेक बारकोड वाचताना कामगार थकून जात. अभियंते मासाहिरो हारा यांनी ‘गो’ या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून बोध घेतला आणि १९९४ साली हा कोड सिद्ध झाला.

त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकटींमागे मोठे परिश्रम आहेत. यंत्राने कोड चटकन ओळखायचा, तर तसा आकार इतर छपाईत सहसा आढळता कामा नये. म्हणून नाना प्रकारचे छापील कागद तपासून काळ्या-पांढऱ्याचे सर्वांत विरळ प्रमाण शोधण्यात आले : १:१:३:१:१. चौकटीच्या मध्यातून आडवी, उभी वा तिरपी रेघ ओढावी, हेच प्रमाण मिळते. कोडचा काही भाग मळला वा फाटला, तरी मजकूर वाचता येतो.

एकस्वाधिकार हाती असूनही कंपनीने वापराचे शुल्क घेतले नाही. म्हणूनच हा चौकोन भाजीच्या गाडीपासून सराफी पेढीपर्यंत पोहोचला. मात्र जो कोणालाही छापता येतो, तो कोणालाही बदलताही येतो. सकाळी दुकान उघडताना गल्ल्यावरचा कोड आपलाच आहे ना, हे पाहून घेणे शहाणपणाचे.