मुलांना मुंबई दाखवता, की मुंबईला मुले?

दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी लागली की आमच्या पेडणे-डिचोलीकडची कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह मुंबईच्या वाटेला लागतात. आमच्या आजोबांच्या काळी पणजीला आगबोटीत बसावे आणि भाऊच्या धक्क्याला उतरावे, असा प्रवास होता. १९९८ साली कोकण रेल्वेचा सारा मार्ग खुला झाला आणि संध्याकाळी थिवीला गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे दादरला उतरू लागला. २०२२ च्या डिसेंबरात तर पेडण्यातच, मोपाला, विमानतळाचे उद्घाटन झाले. वाट सोपी झाली. पण वाट सोपी झाली म्हणून पाहणे चांगले झाले काय? मला तसे वाटत नाही, आणि याचा सारा दोष मुलांना घेऊन जाणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सहलींचे स्वरूप पाहा. मुक्काम तीन दिवसांचा, मूल पाच-सहा वर्षांचे आणि यादी सतरा ठिकाणांची. या ठिकाणांना हल्ली 'पॉइंट' म्हणतात. भाड्याची मोटार सकाळी दाराशी येते, तिच्या काचा बंद, आत गारवा. गेटवे, चौपाटी, हाजी अली, सी लिंक, एखाद्या नटाचा बंगला आणि शेवटी मॉल. दोन पॉइंटांच्या मध्ये तासभर वाहतुकीची कोंडी. त्या कोंडीत पोर झोपते, पॉइंट आला की त्याला उठवून उभे करायचे, 'हास बघू' म्हणायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा मोटारीत कोंबायचे. गावी परतल्यावर फोटोंची पारायणे होतात. ही मंडळी मुलाला मुंबई दाखवत नाहीत, मुंबईला आपले मूल दाखवून आणतात!

हे मी हवेतले बोलत नाही. सुटीनंतर पाचवीच्या मुलांना मी 'मी पाहिलेली मुंबई' हा निबंध दरवर्षी घालतो. एका मुलाने लिहिले होते, 'आम्ही खूप फिरलो. मॉलमध्ये पिझ्झा खाल्ला. सरकत्या जिन्यावरून आठ वेळा वरखाली केले.' त्या मुलाला मी दोष देत नाही. त्या तीन दिवसांत त्याला स्वतःच्या मर्जीने जे करता आले ते सरकत्या जिन्यावर, म्हणून तेवढेच त्याच्या लक्षात राहिले. त्याच वर्गातली एक मुलगी लालबागला मामाच्या चाळीत चार दिवस राहून आली होती. पाणी किती वाजता येते, ते आले की शेजारणी कशा एकमेकींना हाका मारतात आणि लोकलमध्ये बाई कशी आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत स्टेशनचे नाव सांगते, हे सारे तिने दोन पाने भरून लिहिले. मुंबई कोणी पाहिली, ते सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा माझे पहिले मागणे असे की यादी फाडा. लहान मुलाबरोबर सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवण व झोप, संध्याकाळी दुसरे ठिकाण. बस्स! 'एवढा खर्च करून जायचे आणि दोनच गोष्टी पाहायच्या?' असा प्रश्न येईलच. त्यावर माझा उलट प्रश्न आहे. शाळेत आम्ही एका तासात सात धडे उरकले तर तुम्हीच आमच्या नावाने शंख कराल ना? मग तुमच्या सहलीला वेगळा न्याय का?

दुसरे मागणे, मोटार सोडा. एक सकाळ कशी जाऊ शकते ते सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात करा. १८८७ च्या सुमारास पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मुलाला ते सांगू नका. त्याला दारावरचे दगडी सिंह आणि वाघ दाखवा, भिंतींवरचे प्राणी शोधायला लावा. मग तिकीट काढून धीम्या लोकलमध्ये बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. स्टेशनांची नावे देवनागरीत लिहिलेली असतात. पहिली-दुसरीतले मूल ती स्वतः वाचते आणि तिसऱ्या स्टेशनला 'पपा, आपले आले!' म्हणून ओरडते. हा आनंद कोणत्या मॉलमध्ये विकत मिळतो?

भायखळ्याला उतरून चालत गेले की जिजामाता उद्यान, म्हणजे जुन्या लोकांची राणीची बाग. तिथे पेंग्विन आहेत, ते मुले पाहणारच. त्याच आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि १९१४ साली तुकडे जोडून या बागेत उभा केला. ज्या पोर्तुगीजांचे राज्य आपल्या आजोबांनी पाहिले, त्यांची खूण मुंबईच्या बागेत भेटते, हे गोव्याच्या मुलाला सांगायचे कोणी?

हत्तीपासून चार पावलांवर मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. हे भाऊ दाजी कोण? पेडण्यातल्या मांद्र्याचे! मातीच्या बाहुल्या विकणाऱ्या गरीब बापाचा हा मुलगा. बुद्धिबळातली त्याची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शाळेत घालायला लावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. पुढे तो नामांकित डॉक्टर झाला, त्याने प्राचीन शिलालेख वाचले, दोनदा मुंबईचा शेरीफ झाला आणि या संग्रहालयासाठी झटला. याच संग्रहालयात मातीच्या चिमुकल्या बाहुल्या आहेत, मुंबईत वावरणाऱ्या नाना जातीधर्मांच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या. मांद्र्याच्या किनाऱ्यावर दर रविवारी जाणाऱ्या आमच्या किती मुलांना हा माणूस ठाऊक आहे? मुलांचे सोडा, किती पालकांना? एकच गोष्ट ध्यानात ठेवा, बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात.

आता तिसरे मागणे. ते काहींना झोंबेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे कुटुंब घरी मुलाला 'बाबा, हांगा यो' म्हणते. शाळेत गुरुजी 'इकडे ये' म्हणतात. मूल दोन्ही भाषा सहज पेलते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी वापरही मान्य झाला. त्या वादात मी इथे शिरत नाही, कारण घरातल्या दोन भाषांत भांडण लावणे हा माझा धंदा नव्हे. पण गाडीने ठाणे सोडले की या कुटुंबाच्या जिभेला काय होते? 'बेटा, इधर आओ, खिडकी से दूर रहो!' घरची कोंकणीही गेली आणि शाळेतली मराठीही गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, तेच दादरच्या फुलबाजारात मराठी फुलवालीला 'कितने का?' विचारतात. ती बिचारी 'वीस रुपये, ताई' म्हणते आणि तरी यांचे हिंदी थांबत नाही.

हिंदी बोलणाऱ्या टॅक्सीवाल्याशी माझे भांडण नाही. तो पोटासाठी आला आहे, जसे आमचे आजे-पणजे गेले होते. त्याच्याशी हिंदीत अवश्य बोला. माझा राग आहे तो आपल्याच मुलाशी परकी भाषा बोलण्यावर. मूल काही न बोलता शिकते की घरची भाषा गावापुरती, मोठ्या शहरात ती झाकून ठेवायची असते. हा धडा तीन दिवसांत इतका पक्का होतो की तो पुसायला आम्हा मास्तरांना दहा वर्षे पुरत नाहीत. आमच्या वर्गांत मराठी वाचताना मान खाली घालणारी मुले कुठून येतात, याचे उत्तर मला अशाच ठिकाणी सापडते.

काही आक्षेप खरे आहेत. लोकलच्या गर्दीत लहान मूल नेणे धोक्याचे आहे, कबूल. म्हणून कामावर जाण्या-येण्याची वेळ टाळा, भर गर्दी ओसरल्यावर निघा आणि दारापासून दूर बसा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी विचारा. आजारी मूल किंवा थकलेली आजी बरोबर असेल तर खुशाल टॅक्सी करा, तिथे तत्त्व नको. 'एवढ्या लहानाला काय आठवणार?' हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. तारखा आठवणार नाहीत हे खरे. पण अक्षरे वाचून आपण ठिकाण ओळखले, अनोळखी माणसाला आपली भाषा कळली, हे मूल विसरत नाही.

संध्याकाळी दादरला शिवाजी मंदिरात बालनाट्य लागले असेल तर मॉल सोडून तिथे जा. शेकडो मुले एकाच वेळी एकाच मराठी विनोदाला हसतात, हे आमच्या मुलांनी एकदा तरी कानांनी ऐकायला हवे. येताना दादरच्या एखाद्या दुकानातून मुलाच्या पसंतीचे एक मराठी पुस्तक घ्या. गाडी गावाकडे वळली की ते त्यालाच मोठ्याने वाचू द्या, आणि शेजारचे प्रवासी ऐकत असले तरी त्याला गप्प करू नका.