कोकणकिनारा ‘अस्पर्शित’ नाही



‘कोकणचा शांत किनारा पुन्हा शोधा’ हे पत्र वाचले. भोपाळकरांनी सुटीत गोव्याच्या गर्दीऐवजी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वळावे, हे मला मनापासून पटते. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भोपाळहून थेट कोकण रेल्वेच्या मार्गाने जाते, त्यामुळे प्रवासही अवघड नाही. मात्र, ‘तिथे अजून काहीच नाही, मोठी हॉटेले यायला हवीत’ या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. नाना फडणविसांच्या या मूळ गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पिल्ले समुद्राकडे निघताना पाहायला लोक येऊ लागले, तशी घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली. पाहुण्यांचे पैसे गावातच राहतात. किनारा शांत राहिला तो तिथल्या माणसांच्या कष्टांनी! हॉटेलांचे प्रखर दिवे वाळूवर पडले, तर पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे सरपटत जातात. शिवाय धो धो पाऊस पडूनही जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात अनेक गावांच्या विहिरी आटतात. तरणतलावांना पाणी कुठून आणायचे?

पर्यटनाच्या सोयींचा पाण्यावर भार पडतो, हे आपणही पाहिले आहे: भोपाळच्या आपल्याच मोठ्या तलावातील क्रूझ आणि मोटारबोटी थांबवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला 2023 मध्ये द्यावा लागला. भोपाळकरांनी तरी हे विसरू नये. कोकणात जरूर जावे, गावकऱ्यांच्या घरी उतरावे, आणि कासवांसाठी जायचे तर आधी फोन करून पिल्ले कधी निघणार ते विचारावे.

— एक वाचक, भोपाळ