आलेख पोहोचतो, औषध पोहोचते का?

रात्रीच्या विजेवर पाणी भरताना शेतकऱ्याच्या छातीत कळ येते, डावा हात भरून येतो, दरदरून घाम सुटतो. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. ओवा-सोडा देऊन उजाडायची वाट पाहतात. तोवर हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीने हृदयाचा स्नायू मरत असतो.

ही गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त. बारा तासांनंतर ते सहसा देतच नाहीत. पण देण्याआधी इ.सी.जी. हवा आणि तो वाचणारा जाणकार हवा. हातापायांना आणि छातीला तारा जोडून इ.सी.जी. काढणे शिकवलेल्या परिचारिकेला जमते. वाचणारा डोळा मात्र शहरात बसलेला असतो. मग रोग्याआधी आलेखच शहरात पाठवावा, हे टेलिमेडिसिनचे साधे सूत्र.

सूत्र जुनेच आहे. हॉलंडमधील लायडन शहरात विलेम आइन्थोवेन यांनी १९०५ साली रुग्णालयातल्या रोग्याचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उतरवला. आपल्याकडे इस्रोने २००१ पासून उपग्रहाने दूरची रुग्णालये जोडली. २०१९ मध्ये ई-संजीवनी आली. मार्च २०२० मध्ये दूरस्थ उपचाराचे नियम निघाले. आज आलेख मोबाइलवरून मिनिटात जातो. तंत्रज्ञान अडलेले नाही.

काही मंडळी म्हणतात, गावाला डॉक्टर न देण्याची ही पळवाट आहे. भीती अगदीच खोटी नाही. पण प्रत्येक तालुक्यात हृदयरोगतज्ज्ञ येईपर्यंत मरणाने थांबावे, असे कोणी म्हणू शकत नाही. शेतकऱ्याच्या वाटेत तंत्रज्ञान आडवे येत नाही, तंत्रज्ञानाच्या नावाने होणारा देखावा आडवा येतो. यंत्राची फीत कापायला पुढारी येतात. त्यातला कागद संपला की कोणी फिरकत नाही. शहरातून निदान आले आणि तालुक्याच्या कपाटात इंजेक्शन नसले, तर रोग्याला मिळाले काय? मरणाचा दाखला, तोही आगाऊ.

म्हणून जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत इ.सी.जी. निघतो का? रात्री दोन वाजता पलीकडे तो वाचणारा कोणी असतो का? वीज गेली तर यंत्र चालते का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि ते देऊ शकणारा डॉक्टर हजर असतो का? अँजिओप्लास्टीचे रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता येत नसेल, तिथे चौथा प्रश्न जीवनमरणाचा आहे. उत्तरे तारखेनिशी लिहून आणावीत. तालुकावार यादी करून ती जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवू आणि लेखी उत्तर मागू.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, छातीतली कळ पित्तावर ढकलू नका. लगेच १०८ ला फोन लावा. सरकारकडे आम्ही मेहरबानी मागत नाही. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे शेतकरी कर मोजतो. कर वसूल करताना सरकारला आमचे गाव दूर वाटत नाही. औषध पाठवतानाच ते दूर का वाटावे?