बंदराच्या राखणीला कोण?

“गेम खेळून कोणाचं भलं झालंय?” हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकला असेल. त्यातून गेम असा, की नियम समजायलाच आठवडा जातो, एक डाव संपायला महिना लागतो आणि शेवटी बहुधा आपणच हरतो! मग तर बोलायलाच नको. तरीही मी म्हणते, असे किचकट ऐतिहासिक युद्धाचे गेम जरूर खेळावेत. किचकट असतात म्हणूनच खेळावेत.

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९ सालचा गेम. जुना आहे, म्हणून तर माझ्या लॅपटॉपवर चालतो. त्यात १७०० सालापासून मराठ्यांचं राज्य आपल्या हातात येतं. मी काय केलं? आपण सगळे सबमिशनचं करतो तेच. सोपं ते आधी, अवघड ते नंतर! घोडदळ वाढवलं, मुघलांचा एकेक प्रांत घेतला, नकाशा माझ्या रंगाने भरत गेला. जहाजं महाग, म्हणून आरमार पुढच्या वर्षावर ढकललं. इंग्रजांशी व्यापाराचा करार केला, पैसा येऊ लागला. मग एक दिवस संबंध बिघडले, त्यांची जहाजं माझ्या बंदरांसमोर येऊन उभी राहिली आणि व्यापार ठप्प. सैन्य भरपूर, पण पगाराला पैसे नाहीत. मी हरले ती शेवटच्या लढाईत नव्हे, तर वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एका शहाण्या निर्णयामुळे.

सुट्टीत तळेऱ्याला घरी गेले तेव्हा आजोबांना हे रडगाणं सांगितलं. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “गो चेडवा, मगे बंदराच्या राखणीक कोण होतो?” आणि विजयदुर्गाची गोष्ट सांगायला बसले.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या तळेरे नाक्यावरून एक रस्ता विजयदुर्गाला जातो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजी पुस्तकात मला भेटला तो ‘पायरेट अँग्रिया’. हे आंग्रे म्हणजे आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहणारे, हे कळायला विसावं वर्ष उजाडलं!

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे विजयदुर्ग त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडे आला. तुळाजी दर्यावर जबरदस्त, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, असा विजयदुर्गाला वेढा पडला. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना आणि बाणकोट इंग्रजांना मिळाला. पुढच्या वर्षी तोच क्लाइव्ह प्लासी जिंकला. १८१८ साली पेशवाई संपली.

“केवढी ही घोडचूक!” असं आपण लगेच म्हणतो. मीही म्हटलं. मग आम्ही भावंडांनी पडवीत चार्ट पेपर पसरून तोच डाव मांडला. एकाकडे पेशवे, एकाकडे तुळाजी, एकाकडे इंग्रज. पैसे म्हणून चिंचोके. पेशव्यांचे चिंचोके मोजकेच. त्यातच उत्तरेच्या मोहिमा, त्यातच निजाम, वर खंडणी न देणारा तुळाजी. स्वतःचं आरमार बांधायचं तर दहा चिंचोके, इंग्रजांची मदत घ्यायची तर दोन. चार डाव झाले. चारही वेळा पेशव्यांनी इंग्रजांचा हात धरला. त्यातल्या दोन डावांत पेशवे मी होते. १८१८ माहीत असूनही!

तुम्ही म्हणाल, किमती तुम्हीच ठरवल्या, मग दुसरं काय होणार? बरोबर आहे. म्हणून पाचव्या डावात नियम बदलला. तुळाजीने दोन चिंचोके खंडणी दिली की तह. तुळाजी झालेला माझा चुलतभाऊ म्हणाला, “मी का वाकू?” झालं! आरमार पुन्हा जळालं.

मला वाटतं, या खेळातली खरी कमाई हीच. परीक्षेच्या पुस्तकात १७५६ हे साल असतं, पुढे निकाल असतो आणि चूक कोणाची तेही छापलेलं असतं. खेळात निकाल नंतर येतो. निर्णय घेताना हातात फक्त चिंचोके असतात. सोप्या गेममध्ये एक चाल बरोबर आणि बाकीच्या चूक. किचकट गेममध्ये प्रत्येक चाल कुठल्या तरी हिशेबाने बरोबरच असते, आणि तिचं बिल फार उशिरा येतं.

तळेऱ्याहून दुसरा रस्ता करूळ घाट चढून गगनबावड्याला जातो. ती पंत अमात्यांच्या जहागिरीची जागा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, टोपीकरांपासून सावध राहण्याचा इशाराही आहे. म्हणजे शहाणपण लिहून ठेवलेलं होतं. पण चिंचोके मोजायची वेळ आली की लिहिलेलं शहाणपण किती टिकतं, ते आमच्या पडवीत दिसलं.

अर्थात किचकट ते सगळंच चांगलं, असं नाही. काही गेम म्हणजे नुसतं जमाखर्चाचं रजिस्टर. माझी कसोटी साधी आहे. हरल्यावर ‘इथे चुकले’ म्हणून एका निर्णयावर बोट ठेवता आलं पाहिजे. आणि मग जुना सेव्ह उघडायचा मोह टाळला पाहिजे, कारण नानासाहेबांना ती सोय नव्हती.

दुसरं म्हणजे, गेम हे शेवटी एक मॉडेल आहे, आणि प्रत्येक मॉडेलची गृहीतकं असतात, हे आपल्याला फर्स्ट इयरपासून शिकवतात. ‘एम्पायर’मध्ये सगळे मराठे एकाच रंगाचे, आंग्रे वेगळे नाहीतच. म्हणजे १७५६ चा प्रश्न तिथे पडूच शकत नाही! बनवणाऱ्याने काय वगळलं, हे शोधणं हाही खेळाचाच भाग.

जुलै २०२५ मध्ये विजयदुर्गाचं नाव इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आनंदच आहे. जयजयकार जरूर करूया. पण तटावर उभं राहून एकदा स्वतःला विचारूया, त्या जागी मी असते तर काय केलं असतं? प्रामाणिक उत्तर बहुधा आवडणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सहावा डाव आहे. या वेळी तुळाजी मी होणार आहे. बघू, वाकता येतं का!